हीट एक्स्चेंजर बसवल्यानंतर एक्झॉस्ट गळत असेल तर

नवे हीट एक्स्चेंजर बसवले, सगळे नट आवळले, इंजिन सुरू केले आणि मागून पूर्वी कधी नव्हता असा 'चिक-चिक' आवाज येऊ लागला, की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. हा मोह आवरावा. नव्या जोडणीतली गळती नट सैल राहिल्यामुळे क्वचितच होते. बहुतेक वेळा दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट टेकलेलेच नसतात, आणि असे पृष्ठभाग आणखी आवळल्याने फट बुजत नाही, उलट फ्लँज (पाइपाच्या टोकाची, नटांनी आवळायची सपाट पट्टी) वाकतो किंवा ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) आट्यांसकट बाहेर येतो. म्हणून आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधावे, मग जोड उघडावा, आणि पाना सर्वांत शेवटी हाती घ्यावा. पुढचे विवेचन मुख्यतः फोक्सवॅगन बीटल आणि जुनी पोर्शे 911 या एअर-कूल्ड गाड्या समोर ठेवून केले आहे, पण अशाच रचनेच्या इतर जुन्या गाड्यांनाही ते लागू पडते.

या इंजिनांत पाणी नसते, त्यामुळे गाडीच्या आतली हवा गरम करण्यासाठी एक्झॉस्टच्याच उष्णतेचा आधार घ्यावा लागतो. एक्झॉस्ट पाइपाभोवती पत्र्याचे आवरण असते (पाइप आणि आवरण मिळून होतो तोच हीट एक्स्चेंजर), पाइप आणि आवरण यांच्यामधून इंजिनच्या पंख्याची हवा फिरते, आणि तापलेली ही हवा नळ्यांवाटे आसनांच्या पुढे व काचेखाली पोहोचते. बीटलमध्ये ही पद्धत 1963च्या मॉडेलपासून आली. त्याआधी सिलिंडरांवरून गेलेली हवाच आत सोडली जात असे. बीटलमध्ये पुढच्या दोन सिलिंडरांचा धूर हीट एक्स्चेंजरमधून जातो, तर मागच्या दोन सिलिंडरांना सायलेन्सरचे फ्लँज थेट जोडलेले असतात. 911मध्ये प्रत्येक बाजूच्या तिन्ही सिलिंडरांचे पाइप एकाच एक्स्चेंजरमध्ये उतरतात. दोन्ही गाड्यांत मुद्दा तोच आहे, की विषारी धूर आणि आपण श्वासात घेतो ती हवा यांच्यामध्ये फक्त पाइपाच्या पत्र्याची जाडी असते.

गळती बाहेर उघड्या हवेत होते आहे की आवरणाच्या आत, हा प्रश्न म्हणून सर्वांत आधी सोडवावा लागतो. बाहेरची गळती कटकटीची असते, पण आतली गळती जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. 'वास येत नाही, म्हणजे काही नाही' हा तर्क इथे चालत नाही. हीटरची कळ बंद ठेवली म्हणजे धोका टळला असेही समजू नये, कारण जुन्या गाड्यांतल्या हीटरच्या झडपा क्वचितच पूर्ण मिटतात.

याशिवाय एक तिसरी वाट आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बीटलचा पंखा इंजिन-कप्प्यातलीच हवा ओढून घेतो. इंजिनभोवतीचे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी यांमुळे हा कप्पा खालच्या गरम भागापासून वेगळा राहतो. एक्झॉस्ट बसवताना पत्रे काढले गेले, त्यातला एखादा परत लावायचा राहिला किंवा रबरी पट्टी जागेवर बसली नाही, तर सायलेन्सरच्या जोडातून निसटलेला धूर वर येतो, पंखा तो ओढतो आणि शुद्ध हवा म्हणून एक्स्चेंजरमध्ये ढकलतो. अशा वेळी एक्स्चेंजर अगदी निर्दोष असूनही धूर गाडीत येतो आणि माणूस नवा भाग सदोष म्हणून परत करून मोकळा होतो.

आत वायू येतो का, हे कसे तपासावे

त्यासाठी आकडा दाखवणारे कार्बन मोनॉक्साइड मीटर हवे. घरगुती अलार्म नुसता वाजण्यावर अवलंबून असेल तर तो या कामाचा नाही, कारण असे अलार्म मुद्दामच उशिरा वाजतील अशा बेताने बनवलेले असतात. ईएन 50291 या युरोपीय मानकानुसार हवेत 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) वायू असताना अलार्मने पहिली साठ मिनिटे वाजायचे नसते, आणि नव्वद मिनिटांच्या आत मात्र वाजलेच पाहिजे. दहा मिनिटांच्या चाचणीत तो गप्प राहिला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

गाडी उघड्यावर, वाऱ्याला आडोसा नसेल अशा जागी उभी करावी आणि मागचे तोंड अशा दिशेला ठेवावे की धूर वाऱ्याने पुढे येणार नाही. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावे, हीटर पूर्ण उघडावा आणि मीटर पायाजवळच्या हीटरच्या तोंडाशी धरावे. त्याआधी बाहेरच्या हवेतला आकडा पाहून ठेवावा. हीटरच्या तोंडाशी तो वाढत असेल तर इंजिन बंद करावे आणि इंजिन-कप्प्यात, पंख्याच्या तोंडाजवळ तीच चाचणी पुन्हा करावी. कप्प्यातही आकडा वाढला तर संशय बाहेरच्या गळतीवर आणि निखळलेल्या पत्र्यांवर घ्यावा. कप्प्यातली हवा स्वच्छ असून फक्त हीटरमधून वायू येत असेल तर एक्स्चेंजरचा आतला पाइप किंवा त्याचे वेल्डिंग दोषी आहे, असे धरून चालावे. निर्णय होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

वासाबद्दल दोन शब्द. नव्या एक्स्चेंजरवर गंजरोधक तेल किंवा रंग असतो, तो पहिल्या अर्ध्या तासात जळतो आणि चांगलाच धूर होतो. बीटलमध्ये पुशरॉडच्या नळ्यांची सीले आणि 911मध्ये तेल परतीच्या नळ्या झिरपू लागल्या, की तेलाचे थेंब नेमके तापलेल्या एक्स्चेंजरवर पडतात. टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून पाझरणाऱ्या तेलाचेही तसेच. जळक्या तेलाचा वास तिखट आणि निळसर धुरासह येतो, आणि गाडी थांबवल्यावर अधिक जाणवतो. तो एक्झॉस्टच्या गळतीचा पुरावा नाही, पण त्याची दुरुस्ती करून घ्यायला एक्स्चेंजर उतरवलेला असतानाच सर्वांत सोपे जाते.

आवाज ओळखणे

एक्झॉस्टची बारीक गळती आणि सैल टॅपेट यांचे आवाज इतके सारखे असतात की अनुभवी कानही फसतात. ठोके मोजूनही उपयोग नाही, कारण प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याचा धूर या दोन्हींचा ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. फरक जाणवतो तो भार आल्यावर. चढावर किंवा जोराने रेस दिल्यावर गळतीचा आवाज ठळक आणि कोरडा होतो, टॅपेटचा मात्र इंजिनच्या वेगाबरोबर फक्त जलद होतो. थंड इंजिनवर स्पष्ट असलेला आवाज दहा मिनिटांनी विरत गेला, तर तीही गळतीची खूण मानावी. धातू तापून फुगतो आणि फट तेवढ्यापुरती मिटते. संशय फिटत नसेल तर थंड इंजिनवर टॅपेटचे अंतर मोजून मोकळे व्हावे. बीटलच्या बहुतेक नंतरच्या इंजिनांत ते 0.15 मिमी आणि 911मध्ये 0.1 मिमी असते.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये होणारे फटफट आवाज हेही गळतीचे लक्षण असू शकते. एक्झॉस्टमध्ये दाब सतत बाहेरच ढकलत नाही. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल तिथेच पेटते. कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असले किंवा इग्निशनचा टायमिंग चुकला, तरी असेच होते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे, तिथे सेन्सरच्या आधीची गळती आणखी घोळ घालते, कारण आत आलेल्या हवेमुळे सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि यंत्रणा विनाकारण पेट्रोल वाढवते.

जागा शोधणे

मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत अगदी साधी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावावी, दोन तोंडे असतील तर दुसरे चिंधीने घट्ट बुजवावे, आणि साबणाचे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून प्रत्येक जोडावर मारावे. यंत्र लावण्याआधी ते थोडा वेळ मोकळ्या हवेत चालवून त्यातली धूळ उडवून टाकावी, नाहीतर ती सगळी एक्झॉस्टमध्ये जाते. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरून कार्ब्युरेटरकडे किंवा तेल भरण्याच्या तोंडाकडे फुसफुसते; तिच्याकडे लक्ष देऊ नये. क्लँपच्या जोडावर दोन-चार बारीक बुडबुडे आले तर ते सहसा इंजिन तापल्यावर थांबतात. हेडच्या फ्लँजवर मात्र एकही बुडबुडा चालवून घेऊ नये.

आवरणाच्या आतला पाइप साबणाने दिसत नाही. तिथे वेगळी युक्ती करावी लागते. एक्स्चेंजरच्या हवेच्या दोन्ही नळ्या सोडवाव्यात, एक तोंड बुजवावे, दुसऱ्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हवा काढून चपटी बांधावी आणि व्हॅक्यूम क्लीनर सुरू करावा. पिशवी हळूहळू फुगू लागली, तर आतला पाइप गळतो हे नक्की. ती फुगली नाही तर मात्र निर्धास्त होऊ नये, कारण आवरणाच्या पत्र्याच्या सांध्यांतून थोडी हवा निसटतेच. म्हणून अंतिम निकाल मीटरचा. नवे एक्स्चेंजर गाडीवर चढवण्याआधी जमिनीवर ठेवूनच ही चाचणी करता आली, तर पुढचा सगळा व्याप वाचतो.

इंजिन चालू असताना ऐकण्यासाठी मीटरभर लांबीची रबरी नळी पुरते. तिचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे जोडांवरून, तापलेल्या धातूला न लावता, फिरवावे. गळतीवर आले की कानात फुंकर मारल्यासारखे होते. गाडी जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर उचललेली असावी आणि हे काम कधीही बंद जागेत करू नये.

काही दिवस गाडी चाललेली असेल तर काजळीही बोलते. नव्या स्टेनलेस स्टीलच्या फ्लँजवर जोडाच्या रेषेपासून पंख्यासारखा पसरत गेलेला करडा-काळा डाग दिसला, तर त्याच्या अरुंद टोकाशी फट आहे. सर्वत्र सारखी पसरलेली काजळी बहुधा जुनी असते किंवा पुसायची राहिलेली असते.

हेडचा जोड

नव्या एक्स्चेंजरनंतरच्या गळत्यांत सर्वाधिक वाटा याच जोडाचा असतो, आणि इथे एक चूक मी स्वतः केलेली आहे. एका सिलिंडरचा आवाज तीनदा आवळूनही जाईना, म्हणून चौथ्यांदा एक्स्चेंजर उतरवला आणि टॉर्चच्या तिरक्या उजेडात हेडच्या तोंडाकडे पाहिले. तिथली कडा हेडचीच आहे असे मी इतके दिवस समजत होतो. पातळ स्क्रू-ड्रायव्हरचे टोक कडेला लावल्यावर तिचा एक पापुद्रा उचलला गेला, आणि मग काळी पडलेली, भाजून हेडला चिकटलेली जुनी गॅस्केट अख्खीच्या अख्खी निघून हातात आली. तिच्यावर मी नवी गॅस्केट ठेवून आवळत होतो. तेव्हापासून प्रत्येक तोंड बोटाने चाचपून, शेजारच्या तोंडाशी ताडून पाहिल्याशिवाय मी गॅस्केट ठेवत नाही.

जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच ती काढावी. कोरडी खरवडू नये, वायर ब्रशच्या यंत्राने उडवू नये, पाण्याने भिजवून, मास्क लावून काढावी आणि ओल्या चिंधीत गुंडाळून टाकावी. हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे पोलादी पात्याने त्यावर ओरखडा उठू देऊ नये.

त्यानंतर फ्लँजवर सरळपट्टी धरून फिलर गेजने फट पाहावी. 0.1 मिमीची पट्टी सहज आत जात असेल तर फ्लँज वाकलेला आहे. जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, त्यावर फ्लँज घासून तो सरळ करता येतो. 911च्या बाबतीत एकेक फ्लँज सपाट असून भागत नाही. तिन्ही फ्लँज एकाच पातळीत असावे लागतात, म्हणून सरळपट्टी तिघांवर मिळून ठेवावी. मधला फ्लँज अर्धा मिलिमीटर मागे असेल, तर बाजूचे दोन आवळल्यावर तो कधीच टेकत नाही, आणि जबरदस्तीने टेकवला तर पहिल्याच उन्हाळी प्रवासात एखादा स्टड तुटतो. असा नवा भाग परत करणे हाच शहाणपणा आहे.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे नट घट्ट आणि फ्लँज सैल. नव्या एक्स्चेंजरचा फ्लँज जुन्यापेक्षा पातळ असला, की नट स्टडचे आटे संपतात तिथे जाऊन अडतो. पान्याला तो पक्का लागतो, टॉर्क पानाही 'टक' वाजवतो, पण त्याचा दाब फ्लँजवर पडलेलाच नसतो. आवळल्यानंतर वॉशर बोटाने फिरतो का ते पाहावे. फिरत असेल तर जाड वॉशर घालावा किंवा योग्य लांबीचा स्टड बसवावा.

जाम नटांच्या बाबतीत घाई महाग पडते. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे, नट तापवून थोडा थोडा मागे-पुढे फिरवावा. ज्योत वापरायची असल्यास तेल पूर्ण पुसून, पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर. एम-8चा स्टड हेडमध्ये तुटलाच तर नेमक्या मध्यावर भोक पाडण्याची खात्री असल्याशिवाय ड्रिल लावू नये. हेडमधले आटे गेले असतील तर आट्यांची इन्सर्ट बसवून मूळ मापाचा स्टड वापरावा.

सायलेन्सर आणि क्लँप

बीटलमध्ये सायलेन्सर एकाच वेळी मागच्या दोन सिलिंडरांना, दोन्ही एक्स्चेंजरांना आणि इनटेक मॅनिफोल्ड तापवणाऱ्या बारीक पाइपाच्या दोन टोकांना जोडायचा असतो. सहा ठिकाणे एकदम जुळायला हवीत, आणि एक्स्चेंजर एका कारखान्याचे, सायलेन्सर दुसऱ्याचा असला की ती हमखास जुळत नाहीत. क्लँपच्या जोरावर पाइप ओढून आणू नयेत. हेडचे नट ढिले करून एक्स्चेंजर थोडा हलवून पाहावा. तरी तोंडे समोरासमोर येत नसतील तर पाइप वाकवून घ्यावा किंवा सायलेन्सर बदलावा. क्लँपच्या आतली सीलची कडी प्रत्येक वेळी नवी घालावी. एक्झॉस्टची पेस्ट लावायचीच असेल तर ती इथे, एकात एक जाणाऱ्या पाइपांच्या जोडात लावावी. हेडच्या गॅस्केटवर पेस्ट लावून काही साधत नाही, ती ठोक्यांनी भुगा होऊन निघून जाते.

911वर जुन्या, 1974पर्यंतच्या पद्धतीचे एक्स्चेंजर नंतरच्या इंजिनाला बसवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की त्यांच्यासोबत सायलेन्सर आणि तेलाच्या काही नळ्याही बदलाव्या लागतात. तेलाची नळी पाइपाला टेकून पाइप तिरका राहिला आणि त्यामुळे जोड गळला, असेही होते.

परत जोडताना

सर्व जोड आधी फक्त बोटांनी लावावेत, सायलेन्सरसुद्धा. सगळे आपापल्या जागी विनासायास बसले, की हेडचे नट दोन-तीन टप्प्यांत, आळीपाळीने आवळावेत, मग सायलेन्सरचे फ्लँज, आणि क्लँप शेवटी. एम-8च्या नटांना साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. स्टडवर तांब्याचे अँटी-सीझ ग्रीस लावले असेल तर घर्षण कमी होते, म्हणून खालच्या आकड्याशी थांबावे. 911मध्ये काही नटांपर्यंत साधा पाना पोहोचत नाही. तिथे लांब दांड्याच्या 8 मिमीच्या ॲलन कीने फिरवायचे नळीसारखे नट असतात, आणि ती की तिरकी धरली तर आतला षट्कोन घासून गोल होतो.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि सगळे नट एकदा तपासावेत, कारण नवी गॅस्केट पहिल्या तापण्यातच दबते. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावे. गरम इंजिनवर आवळू नये. तापलेल्या ॲल्युमिनियममधले आटे सहज ओढले जातात. वेल्डिंगच्या रेषेवरच बुडबुडे आले असतील तर बाहेरचा पाइप वेल्डरकडून दुरुस्त करता येतो, पण आवरणातल्या पाइपावर ठिगळ लावू नये. तो एक्स्चेंजर बदलावा.

सर्व पत्रे, रबरी पट्टी आणि हवेच्या नळ्या जागेवर आल्यावर मीटरची चाचणी पुन्हा करावी, आधी उभ्या गाडीत हीटर उघडा ठेवून, मग एखाद्या मोकळ्या रस्त्यावर, एक काच खाली ठेवून, शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात मीटर देऊन, चढावर आणि ॲक्सिलरेटर सोडतानाही. आकडा बाहेरच्या हवेइतकाच राहिला तरच काच वर करावी, आणि ते मीटर गाडीतून काढू नये.